दहा अक्षरं

१

रविवारी सकाळी सियालदाहून बराकपूरची गाडी पकडायची, खिडकी मिळाली तर चौकटीची वही मांडीवर उघडायची आणि उतरेपर्यंत अक्षरं मोजत बसायचं, हा १९५२ सालातला माझा नेम होता. समोरच्या बाकावरच्या बायकांना वाटे, मुलगी स्वेटरचा नमुना उतरवून घेते आहे. मी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. लग्नाच्या वयाची मुलगी दुसऱ्यांची गुप्त पत्रं फोडायला शिकते आहे, हे सांगून कुणाचं भलं होणार होतं?

मी तेव्हा संख्याशास्त्र शिकत होते. भवानीपूरला दुसऱ्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड. बाबा खिदिरपूरच्या गोदीत कस्टमच्या नोकरीत, आई घरी, आणि माझा मोठा भाऊ चारुदत्त मालवाहू बोटीवर इंजिनियर. दादा वर्षातून तीनचार वेळा घरी यायचा आणि आल्या आल्या मला ‘खारूताई’ म्हणून हाक मारायचा. लहानपणी मी उशीखाली शेंगदाणे साठवायचे म्हणे. हे नाव फक्त त्याचं. दुसऱ्या कुणी घेतलं की माझं डोकं फिरायचं.

शिकवणारे होते श्यामकांत टिपणीस. मराठी मंडळाच्या गणपतीत बाबांनी त्यांची ओळख करून दिली. युद्धाच्या काळात ते कलकत्त्याच्या सेन्सॉर ऑफिसात होते. संशयित पत्रं आणि तारा त्यांच्या टेबलावर यायच्या. आता निवृत्त होऊन बराकपूरला छावणीमागच्या एका लहान घरात राहत होते. फी घेत नसत. उलट त्यांच्या पत्नी सरलाकाकू मला जेवल्याशिवाय सोडत नसत. जेवायला आम्ही तिघं, पण पानं चार मांडली जायची. चौथं त्यांच्या मुलाचं, दत्तात्रयाचं. तो १९४३ सालापासून घरी आलेला नव्हता. गेला असं कुणी म्हणत नसे. ‘आलेला नाही’ एवढंच. काकू चौथ्या पानावर भात वाढायच्या, आणि आम्ही उठलो की ते पान झाकून ठेवायच्या.

सरांची शिकवायची रीत सोपी होती. एक शब्द घ्यायचा, तो किल्ली. मजकुराच्या डोक्यावर तो पुन्हा पुन्हा लिहीत जायचा आणि A ला शून्य धरून किल्लीतल्या अक्षराचा जो क्रमांक येईल, तितक्या घरांनी खालचं अक्षर पुढे सरकवायचं. किल्ली ठाऊक असलेला माणूस अक्षरं मागे सरकवून मजकूर वाचतो. ठाऊक नसेल त्याने मोजायचं. आधी किल्ली किती अक्षरांची आहे ते शोधायचं, मग तितक्या उभ्या ओळींत मजकूर मांडायचा आणि प्रत्येक ओळीत कोणतं अक्षर सगळ्यांत जास्त वेळा आलंय ते पाहायचं.

“माणूस किल्ली बदलतो,” सर म्हणायचे, “बोलायची सवय बदलत नाही. आपण सवय पकडायची.”

२

सरावासाठी त्यांच्याकडे ऑफिसातले जुने कागद होते. टंकलेखित रोमन अक्षरं, पाचपाचच्या गटांत, कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक. दर रविवारी एक मिळायचा. बहुतेक अगदी नीरस निघायचे. एका चहाच्या मळ्याच्या मॅनेजरने आपल्या भानगडी लपवायला केवढी मेहनत घेतली होती, ते वाचून मला त्याची कीवच आली.

नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रविवारी सरांनी दिलेल्या कागदावर क्रमांक नव्हता. पिवळा पडलेला, टाचणीच्या गंजाचा डाग असलेला, आणि पाठीवर १९४३ सालचा शिक्का.

“हा सावकाश कर,” ते म्हणाले. “मला जमला नाही.”

कागद मी घेतला तरी त्यांची बोटं जरा वेळ त्याच्यावरच राहिली. म्हातारपण, असं मी मनात म्हटलं.

घरी येऊन मोजायला बसले. काही तुकडे पुन्हा पुन्हा येत होते. त्यांच्यातली अंतरं चोवीस, चाळीस, चौसष्ट. म्हणजे किल्ली आठ अक्षरांची. इथवर अर्धा तास. पुढे मात्र गाडी अडली. इंग्रजी म्हणून पाहिलं तर काही जुळेना. मग वाटलं, सरांकडे आलेला कागद, तर मराठी का नसावा? युद्धात तारा रोमन अक्षरांतच द्याव्या लागत.

मराठी असेल तर सोपंच, असं मला वाटलं. मराठी माणूस वाण्याची यादी केली तरी वर ‘श्री’ लिहितो. आमची आई तर धोब्याच्या वहीतही पानापानावर ‘श्री’ काढायची. म्हणून कागदाच्या सुरुवातीला ‘श्री’ आहे असं धरून मी किल्ली शोधू लागले. तीन दिवस शोधली. हाती कचरा आला.

३

गुरुवारी दुपारी मी हट्ट सोडला आणि रीतसर मार्गाने गेले. दादाची बारा पत्रं काढली, रोमन अक्षरांत उतरवली आणि मराठीत कोणतं अक्षर किती वेळा येतं त्याचा तक्ता केला. मराठीत ‘A’ची नुसती रेलचेल असते, जवळजवळ दर चौथं अक्षर. त्यामुळे मराठी मजकूर असेल तर प्रत्येक उभ्या ओळीत जे अक्षर सगळ्यांत जास्त वेळा येतं ते ‘A’च्या जागी आलेलं असतं, आणि तेच किल्लीचं अक्षर. आठ ओळी, आठ अक्षरं. इतकं सोपं.

आई शेजारी तांदूळ निवडत होती. मी एकेक ओळ मोजली आणि वरच्या कडेला अक्षर लिहिलं. के. एच. ए. आर. पाचवं लिहिलं तेव्हाही कळलं नव्हतं. आठवं लिहून झाल्यावर मी ओळ वाचली.

KHARUTAI. खारूताई.

मी हसले. खरंच हसले. दादाने सरांना गाठून माझी थट्टा केली असणार. पण दादा सरांना कधी भेटलाच नव्हता, आणि कागद नऊ वर्षांपूर्वीचा होता. मग योगायोग? आठ अक्षरांच्या किती किल्ल्या होऊ शकतात ते मी समासात मांडून पाहिलं. वीस हजार कोटींच्या वर. त्यातली एक. तरी थांबवेना. मी मजकूर मागे सरकवत गेले.

वर ‘श्री’ नव्हतं, कारण ते तसलं पत्र होतं. कुणी गेल्याचं पत्र. त्यावर ‘श्री’ घालत नाहीत. असलं पत्र दाराबाहेर उभ्याने वाचतात, तिथेच फाडतात, आणि वाचणारा आंघोळ करून मग घरात येतो. म्हणूनच ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. असलं पत्र आमच्या घरात कधी टिकलंच नव्हतं. नमुना म्हणून माझ्यासमोर जी पत्रं होती ती सगळी जिवंत माणसांची होती.

मजकूर असा होता: ‘आपणांस कळविण्यास दुःख होते की शके अठराशे चौऱ्याहत्तर मार्गशीर्ष वद्य पंचमी शनिवार रोजी आपले घरी देवाज्ञा झाली. हे वाचून स्नान करावे. नाव’

पुढे अजून दहा अक्षरं होती. पेन्सिल मी खाली ठेवली.

भिंतीवरच्या कॅलेंडरात मार्गशीर्ष वद्य पंचमी पाहिली. शनिवार, सहा डिसेंबर. सोळा दिवस पुढे.

त्यानंतर मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी घरातल्यांची नावं रोमनमध्ये लिहून अक्षरं मोजली. मी कालिंदी, सात. आई नलिनी, सहा. आम्ही दोघी सुटलो. चारुदत्त, दहा. बाबांचं नाव नुसतं विनायक असतं तर सात, पण त्यांना सगळे विनायकराव म्हणत. विनायकराव, दहा.

“काय गं, तोंड का उतरलं?” आईने विचारलं.

“गणित सुटत नाही,” मी म्हटलं. कागद नेऊन गच्चीवरच्या तुळशीमागे विटेखाली ठेवला. घरात ठेवायची छाती झाली नाही.

४

त्या रविवारी गाडीत मी वही उघडली नाही. सरांच्या दारातच कागद पुढे केला.

“सर, ही कसली थट्टा? तुम्ही टाइप केलाय हा?”

त्यांनी काकू स्वयंपाकघरात आहेत ना ते पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

“कुठवर आलीस?”

“नावापर्यंत.”

“मीही,” ते म्हणाले.

कपाटातून त्यांनी एक वही काढली. १९४३ साली त्यांनी हाच कागद उतरवून घेतला होता. किल्ली आठ अक्षरांचीच, पण वेगळी; ती त्यांनी हाताखाली झाकली. मजकूर जवळपास तोच. फक्त शक अठराशे पासष्ट, आणि तिथी निराळी. शेवटची दहा अक्षरं तशीच सोडलेली.

“एका मजकुराच्या दोन किल्ल्या नसतात,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “एका ओळीत एकच अक्षर सगळ्यांत जास्त असतं. तुम्हीच शिकवलंत!”

“मोजू या.”

आम्ही कागद मधे ठेवला आणि पहिल्या उभ्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने मोजू लागलो. मी ‘के’ मोजत होते. नऊ झाले. सर म्हणाले, “मला ‘के’ एकच दिसतो.” मी त्यांचं बोट धरून एका अक्षरावर टेकवलं.

“हे काय आहे?”

“एम,” ते म्हणाले.

मला तिथे ‘के’ स्पष्ट दिसत होता, त्याच्या एका पायाची शाई फुटलेली होती ती सुद्धा. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते.

“दत्तात्रय,” मी हळूच म्हणाले. “दहा अक्षरं.”

“मीही मोजली होती. म्हटलं, नाव वाचायचंच नाही. न वाचलेली बातमी घरात येत नाही. त्या तारखेला तो ऑफिसातून यायचा म्हणून मी स्टेशनवर उभा राहिलो. गाडीतून उतरला. मला पाहून हात केला. मधून हमालांची हातगाडी गेली. गेली, आणि तो नव्हता. त्या दुष्काळाच्या वर्षी शहरात इतकी माणसं हरवत होती की पोलिसांनी नाव लिहून घेतलं हेच पुष्कळ.”

“आणि हे ठाऊक असून तुम्ही मला हा कागद दिलात?”

“मला वाटलं, तुला काही भलतंच सापडेल. चहाच्या मळ्याचं काहीतरी. मग माझा तो योगायोग ठरला असता.”

“माझ्यावर प्रयोग केलात!”

त्यांनी वही मिटून कपाटात ठेवली. बाहेरून काकूंनी पानं वाढल्याचं सांगितलं. त्या दिवशी मी तिथे जेवले नाही.

५

दादाचं पत्र आधीच आलेलं होतं. रंगूनहून निघून त्याची बोट शनिवारी सहा तारखेला खिदिरपूरला लागणार होती. म्हणजे दादा समुद्रावर, त्याला काही कळवण्याची सोय नाही. उरले बाबा.

“बाबा, शनिवारी रजा घ्या ना.”

“चारू येतोय त्या दिवशी, आणि मी घरी बसू?” बाबा हसले. “तूच चल गोदीवर.”

मी गेले. सर वेडे आहेत, मी वेडी आहे, असं सबंध वाटभर स्वतःला समजावत गेले. तरी ट्राममधून उतरताना बाबांचा दंड धरला तो सोडला नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ते बाबाच आहेत. बाबांना दम लागायचा, छातीत दुखायचं. दादा अठ्ठावीस वर्षांचा, धडधाकट. संख्याशास्त्र शिकलेल्या मुलीने आणखी काय ठरवायचं? गोदीत मी वर क्रेनकडे पाहत होते, खाली दोरखंडांकडे पाहत होते, बाबांच्या चेहऱ्याचा रंग पाहत होते. बोटीकडे सोडून सगळीकडे पाहत होते.

“तो बघ, तो बघ,” बाबा ओरडले.

मी मान वर केली. दादा बोटीच्या जिन्यावरून उतरत होता. निळा स्वेटर, हातात बॅग. त्याने आम्हाला पाहिलं, बॅग डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला. तोंड उघडलं. मला मारायची ती हाक त्याच्या ओठांवर आलेली मला दिसली. तेवढ्यात क्रेनने उचललेली तागाची गासडी आमच्या मधून गेली. तिची सावली आमच्या पायांवरून सरकत गेली. मग ऊन पडलं.

जिन्याखाली कुणी नव्हतं.

बोटीवरच्या लोकांनी सांगितलं, आत्ताच तर उतरला. गोदीचं पाणी तीन दिवस ढवळून पाहिलं. काही सापडलं नाही.

६

आई रडली असती तर बरं झालं असतं. तिने रडायचं नाकारलं. “काही झालं असतं तर कळलं असतं,” ती म्हणायची आणि स्वयंपाकाला लागायची. बाबांनी स्वतः मागून गोदीच्या फाटकावरची ड्यूटी घेतली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते आत-बाहेर करणाऱ्यांचे चेहरे पाहत उभे असायचे.

पोस्टमनच्या वेळेला आई जिन्याच्या तोंडाशी जाऊन थांबायची. जिना कुणीही चढलं तरी तिचा हात जागच्या जागी थबकायचा, मग तो लाटण्यावर असो की केसांत. डिसेंबर गेला, होळी गेली. तिच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. एप्रिलमध्ये एके दिवशी तिने चार पानं मांडली. मी ती पाहिली आणि मला बराकपूरचं ते घर आठवलं. तिथे नऊ वर्षं चौथं पान रोज झाकून ठेवलं जात होतं. आमच्याकडेही तसंच होणार हे मला कळून चुकलं.

बराकपूरहून परत आणलेला कागद पुन्हा विटेखालीच होता. दहा अक्षरं काढायला मला दोन मिनिटं पुरली असती. काढली नाहीत तोवर दादा गेलेला नव्हता. तो कुठेच नव्हता, पण गेलेलाही नव्हता. मी रोज तुळशीला पाणी घालायला जायचे आणि वीट न हलवता परत यायचे. आपण दादाला वाचवतो आहोत की आईला मारतो आहोत, हे मला ठरवता येत नव्हतं.

७

तेरा मे, बुधवार. सकाळची वेळ, पण उकाड्याने जीव नको झाला होता. बाबा फाटकावर गेलेले. आई भाजी चिरता चिरता एकदम थांबली आणि म्हणाली, “कालिंदी, मला आता या दाराकडे बघवत नाही. काय ते एकदा कळू दे. वाईट असलं तरी चालेल.”

मी सगळं सांगितलं. कागद, किल्ली, सर, त्यांचा मुलगा. मला वाटलं होतं, ती मला वेड्यात काढेल. तिने विळी आडवी केली, हात पुसले आणि विचारलं, “कुठे आहे?”

“गच्चीवर.”

“आण.”

“आई, वाचलं की झालंच गं ते.”

“आणि न वाचलं की काय होतं ते बघतेयच मी,” आई म्हणाली. “आण.”

कागद घेऊन मी जिन्याच्या तोंडाशी बसले, घराबाहेर. आई चौकटीला टेकून उभी राहिली. कितीतरी वेळ पेन्सिल हातात धरून मी नुसतीच बसले होते. मग पहिलं अक्षर काढलं. C. बाबांचा V नव्हे. C च येणार हे माहीत होतं, तरी रडू आलं. H. A. R. U. तिथे माझा हात थांबला.

“पुढचं,” आई म्हणाली.

दहावं अक्षर लिहिलं तेव्हा आई वळली आणि सरळ मोरीत गेली. नेसत्या लुगड्यावर तांब्यामागून तांब्या पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. मी कागदाचे तुकडे केले. आई निथळत बाहेर आली आणि भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी राहिली.

“अकरा वाजून गेले,” ती म्हणाली. “तूही आंघोळ कर.”

माझे केस ओले होते तेव्हाच गोदीतला शिपाई टॅक्सी घेऊन आला. चारुबाबू सापडले, तो म्हणाला. मग त्याने मान खाली घातली.

८

बाबांनी सांगितलं ते असं. पावणेअकराच्या सुमाराला ते फाटकावर उभे होते. आतल्या बाजूने दादा चालत आला. निळा स्वेटर, हातात बॅग. दाढी गुळगुळीत केलेली. आजूबाजूची माणसं घामाने भिजलेली, आणि याच्या कपाळावर टिपूस नाही.

“मला बघून म्हणाला, बाबा, खारूताई कुठे गेली? आत्ता तर तुमच्याजवळ होती.” बाबा हे सांगताना हसत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. “मी म्हटलं, पुढे गेली. आणखी काय म्हणणार? मग म्हणाला, आज शनिवार ना? मी हो म्हटलं.”

दोघं ट्रामच्या थांब्याकडे चालत निघाले. दादा रंगूनच्या गोष्टी सांगत होता. आईने जेवायला काय केलंय, असं त्याने दोनदा विचारलं. थांबा दिसायला लागला तेव्हा तो “जरा बसतो” म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला. डॉक्टर म्हणाले, हृदय. जाऊन अर्धा तासही झाला नव्हता. आईने त्याच्या गालाला हात लावला तेव्हा गाल गरम होता.

चौथ्या दिवशी टिपणीस सर आणि सरलाकाकू समाचाराला आले. काकूंनी बाबांकडून सगळं ऐकून घेतलं. “भूक लागली म्हणाला?” त्यांनी विचारलं. बाबा हो म्हणाले. काकूंनी सरांकडे पाहिलं, आणि काकूंना त्या कागदाचं सगळं ठाऊक असल्याचं माझ्या लक्षात आलं. किती वर्षांपासून, देव जाणे.

“किती वेळ चालला तुमच्याबरोबर?” सरांनी विचारलं.

“पंधरा मिनिटं.”

“पंधरा मिनिटं,” काकू म्हणाल्या आणि उठल्या. “चला हो. घरी जाऊ.”

आई आतून बाहेर आली. “सरलाताई, वाचू नका.”

“तुम्ही वाचलंत ना?” काकू म्हणाल्या. त्या चिडून बोलल्या नाहीत. ती दोघं जिना उतरून गेली, काकू पुढे आणि सर मागे. पुढे त्यांचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी आईने मला पहिल्यांदा विचारलं, “तू पहिलं अक्षर काढलंस तेव्हा किती वाजले होते?”

ती काय विचारते आहे ते मला लगेच समजलं. पावणेअकराच्या आधी काढलं असेल तर आम्ही वाचायला लागलो म्हणून तो आला. निदान पंधरा मिनिटं बापाबरोबर चालला. नंतर काढलं असेल तर तो आपला आपण येत होता. घरी येत होता, भूक लागली म्हणत होता, आणि आम्ही दोघी जिन्यात बसून त्याचं नाव पुरं करत होतो.

“मी घड्याळ पाहिलं नव्हतं,” मी म्हणाले.

पुढची वीस वर्षं ती हे विचारत राहिली. कधी भाजी निवडताना, कधी पंगतीतून उठून माझ्याजवळ येऊन. शेवटच्या आजारात तिला बाबांचीही ओळख राहिली नव्हती, पण मी खोलीत शिरले की तोच प्रश्न. एके दिवशी मी म्हणाले, “साडेदहा, आई. साडेदहाच वाजले होते.”

तिने माझा हात धरला. “नक्की?”

“नक्की.”

मग माझा हात सोडून तिने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, “भाजी चिरायलाच बसले होते मी साडेदहाला.”